गारगोटीचे घड्याळ

पुनावळ्यात आमच्या सोसायटीशेजारी नव्या इमारतीसाठी पाया खणण्याचे काम चालू होते, तेव्हा संध्याकाळी मुले तिथून खिसे भरून दगड आणत. काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये सापडणारे पांढरे, चमकदार, टोकदार खडे. आपण त्यांना गारगोट्या म्हणतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि हळूहळू हे स्फटिक तयार झाले. १९९७ साली पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्यानंतर इथे शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पायाबरोबर मुलांना गारगोट्या मिळत गेल्या.

एका रविवारी मी मुलांना गारगोटीवर गारगोटी घासून अंधारात ठिणगीसारखा उजेड कसा दिसतो ते दाखवत होते. आमच्याच इमारतीतले एक काका बाकावर बसून पाहत होते. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षे काम केले होते. ते म्हणाले, "ताई, माझ्या घड्याळावर क्वार्ट्झ लिहिलंय. ते हेच का?" मी हो म्हटले. मग त्यांनी हळूच विचारले, "ते मला विकायचंय. तुम्ही घ्याल का? नाहीतर निदान त्याची किंमत तरी सांगा."

घड्याळ सुरेख होते. पोलादी केस, फिकट सोनेरी तबकडी, तारखेची खिडकी आणि तबकडीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत 'स्विस मेड'. काकांच्या मेव्हण्याने १९८४ साली आखाती देशातून येताना ते आणले होते. नातू आता मोबाइलवरच वेळ पाहतो, त्याला घड्याळ नको होते. काकांना सहा हजार रुपये अपेक्षित होते. घड्याळ चालू होते आणि वेळ अचूक दाखवत होते.

मला ते घ्यायचे होते. पण एक गोष्ट खटकत होती. तारखेचा आकडा खिडकीच्या बरोबर मध्ये येत नव्हता, डाव्या कडेला चिकटला होता. इतक्या नीटनेटक्या घड्याळात असे का व्हावे? काकांची परवानगी घेऊन आम्ही दोघे एका जुन्या, माहितीतल्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि लगेच म्हणाला, "मशीन बदललेलं आहे." आत प्लॅस्टिकची चाके असलेले, बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे मशीन होते. ते मूळ मशीनपेक्षा लहान असल्यामुळे भोवती प्लॅस्टिकचे कडे बसवले होते. तारखेचे चाकही वेगळ्या मापाचे, म्हणून आकडा सरकलेला.

काकांना आठवले. १९९०च्या दशकात घड्याळ बंद पडले होते. एका दुकानात दिले, आठवड्याने परत मिळाले. 'मशीन साफ केले' असे सांगून पैसे घेतले होते. त्यानंतर इतकी वर्षे घड्याळ अचूक चालत होते, त्यामुळे शंका यायचे कारणच नव्हते.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर शोधताना हा लेख तयार झाला. ते म्हणाले, "स्वस्तातलं मशीन जर तितकीच बरोबर वेळ दाखवतं, तर मग स्विस म्हणजे नेमकं काय होतं?"

दाब आणि वीज

कोणत्याही घड्याळाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होणारी हालचाल, आणि दुसरी म्हणजे त्या हालचाली मोजण्याची सोय. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ तयार केले, तेव्हा लंबकाचे झोके मोजले जात. मनगटी घड्याळात लंबक चालत नाही. तिथे केसासारख्या बारीक स्प्रिंगला जोडलेले एक चक्र मागेपुढे फिरते. नेहमीच्या चावीच्या घड्याळात सेकंदाला पाच किंवा सहा 'टिक' होतात. हात हलला, घड्याळ आडवे-उभे झाले, तेल सुकले, थंडी पडली, की या हालचालीत फरक पडतो. म्हणून उत्तम चावीचे घड्याळही दिवसाला काही सेकंद मागेपुढे होते.

यातून सुटका करणारा शोध घड्याळासाठी लागलेला नव्हता. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि प्येर क्यूरी हे दोघे भाऊ स्फटिकांचा अभ्यास करत होते. क्वार्ट्झच्या चकतीवर ठरावीक दिशेने दाब दिला, तर तिच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार निर्माण होतात, असे त्यांना आढळले. यालाच आपण दाबविद्युत परिणाम म्हणतो. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणिताच्या आधारे सांगितले की उलटेही व्हायला हवे, म्हणजे विद्युतदाब दिला तर स्फटिकाचा आकार किंचित बदलायला हवा. क्यूरी बंधूंनी प्रयोगाने तेही खरे असल्याचे दाखवून दिले.

आता विचार करा. क्वार्ट्झचा एक लहान तुकडा विशिष्ट आकारात कापला, तर घंटेप्रमाणे त्याचीही कंप पावण्याची एक स्वाभाविक वारंवारता असते. विजेने त्याला कंप पावायला लावता येते आणि कंप पावताना तो स्वतः विजेचे स्पंद देतो. म्हणजे हालचाल आणि मोजण्याची सोय, दोन्ही एकाच दगडात मिळाल्या. अमेरिकेत वॉल्टर केडी यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला क्वार्ट्झच्या साहाय्याने विद्युतमंडलाची वारंवारता स्थिर ठेवून दाखवली. १९२७ साली बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जोसेफ हॉर्टन यांनी पहिले क्वार्ट्झ घड्याळ बनवले. ते एखाद्या कपाटाएवढे होते. पुढे १९३०च्या दशकात बर्लिनमध्ये शायबे आणि आडेल्सबेर्गर यांनी अशी घड्याळे इतकी अचूक केली की पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणेच वर्षभर अगदी एकसारखे नसते, हे त्यांवरून ध्यानात आले. ज्या पृथ्वीवरून आपण घड्याळे लावत होतो, तिचीच चूक एका दगडाने पकडली!

काकांच्या प्रश्नाच्या दृष्टीने पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. कपाट मनगटावर कसे आणायचे? त्यासाठी तीन गोष्टी लागल्या. लहानसा, वीज कमी खाणारा स्फटिक हवा होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत युर्गन स्टाउट यांनी संगीतातल्या दोन पायांच्या नादकाट्यासारखा क्वार्ट्झचा इवलासा काटा रासायनिक पद्धतीने कोरून काढण्याची रीत शोधली. तो तांदळाच्या दाण्याएवढ्या निर्वात नळीत मावतो. दुसरी गोष्ट, कंपने मोजणारे इंटिग्रेटेड सर्किट. आणि तिसरी, काटे फिरवणारी अतिशय लहान मोटर. तिची कल्पना फ्रान्सच्या मारियुस लावे यांनी १९३६ सालीच मांडली होती.

आजच्या बहुतेक घड्याळांतला हा नादकाटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा कशासाठी? वर्गात विद्यार्थ्यांना हा आकडा देऊन सतत निम्मा करायला सांगा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६. असे पंधरा वेळा केले की नेमका १ उरतो. ३२,७६८ म्हणजे २ चा पंधरावा घात. सर्किटमधला प्रत्येक टप्पा येणाऱ्या दोन स्पंदांमागे एकच पुढे पाठवतो. असे पंधरा टप्पे ओळीने लावले की सेकंदाला एक स्पंद मिळतो. तो मोटरला मिळाला की तिचा चुंबक अर्धा वळसा घेतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे जातो. दिवसाकाठी स्फटिक सुमारे २८३ कोटी वेळा कंप पावतो आणि त्यातला एकही कंप मोजायचा राहत नाही.

इथे मुलांचा एक गैरसमज दूर करायला हवा. पुनावळ्याच्या कातळातली गारगोटी कापून घड्याळात घालता येणार नाही. नैसर्गिक स्फटिकात दोष आणि अशुद्धी असतात. दुसऱ्या महायुद्धात रेडिओयंत्रणांसाठी ब्राझीलच्या खाणींतून निवडक स्फटिक आणावे लागत. युद्धानंतर जाड पोलादी भांड्यांत, प्रचंड दाबाखाली, तापलेल्या अल्कधर्मी पाण्यातून शुद्ध क्वार्ट्झ 'वाढवण्याचे' तंत्र विकसित झाले. आज घड्याळात असतो तो असा कारखान्यात वाढवलेला क्वार्ट्झ. रासायनिक सूत्र मात्र तेच, सिलिकॉन डायऑक्साइड.

ज्यांनी शोधले, त्यांनाच झटका

स्विस लोकांनी क्वार्ट्झ घड्याळाकडे दुर्लक्ष केले आणि जपानने बाजी मारली, अशी गोष्ट व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे, पण अर्धीच खरी आहे.

१९६० साली अमेरिकेच्या बुलोव्हा कंपनीने 'अक्युट्रॉन' हे घड्याळ आणले. त्यात सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा धातूचा नादकाटा होता. त्याचा संशोधक मॅक्स हेट्झेल हा स्विस अभियंता होता. या धक्क्याने जागे होऊन स्विस कंपन्यांनी १९६२ साली न्यूशातेल शहरात एकत्रितपणे इलेक्ट्रॉनिक घड्याळांचे संशोधन केंद्र उभारले. तिथे १९६७ साली मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचे नमुने तयार झाले आणि त्याच वर्षी न्यूशातेल वेधशाळेच्या अचूकता-स्पर्धेत त्यांनी वरचे क्रमांक मिळवले. जपानच्या सेइको गटाचे नमुनेही त्याच स्पर्धेत होते.

विक्रीसाठी बाजारात पहिल्यांदा आले ते सेइकोचे 'अ‍ॅस्ट्रॉन', २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत. त्याची किंमत साडेचार लाख येन होती, म्हणजे जवळपास एका लहान मोटारीएवढी. स्विस कंपन्यांनी एकत्र येऊन केलेले 'बीटा २१' मशीन एप्रिल १९७० मध्ये बाझेलच्या प्रदर्शनात मांडले गेले. या दोन्हींत सेकंदाला ८,१९२ कंपने होती. ३२,७६८ कंपनांचे मनगटी घड्याळ बाजारात आणणाऱ्या पहिल्या कंपन्यांतही जिरार-पेरेगो ही स्विस कंपनी होतीच. थोडक्यात, ज्ञानात स्विस मागे नव्हते.

मग कुठे चुकले? स्विस घड्याळउद्योग ज्युरा पर्वताच्या खोऱ्यांत शेकडो लहान कारखान्यांत विखुरलेला होता. एक जण चाके करी, दुसरा केस, तिसरा तबकडी, चौथा जोडणी. १९३०च्या दशकापासून कायद्याने या रचनेला संरक्षण दिले होते आणि ते १९७१ पर्यंत टिकले. चावीच्या घड्याळाला ही पद्धत उत्तम होती. पण इंटिग्रेटेड सर्किट छोट्या कारखान्यात होत नाही. त्याला एकाच ठिकाणी मोठी गुंतवणूक आणि लाखांच्या संख्येने उत्पादन लागते. जपानी कंपन्या आधीपासूनच तशा बांधलेल्या होत्या. अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर १९७६ साली २० डॉलरच्या आत आकडे दाखवणारे घड्याळ आणले. त्यातच स्विस फ्रँक महागला. १९७० साली एका डॉलरला ४ फ्रँकपेक्षा जास्त मिळत, १९७८ साली दोनही मिळेनात. म्हणजे अमेरिकेत स्विस घड्याळाची किंमत काहीही न करता दुप्पट झाली. प्येर-इव डोंझे या इतिहासकाराने चलन आणि उत्पादनाची रचना या दोन कारणांवर भर दिला आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

परिणाम मात्र भयंकर झाला. १९७० साली या उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करत. १९८०च्या दशकाच्या मध्याला ते ३० हजारांच्या आसपास उरले. ल लोक्ल, ला शो-द-फों, बील या गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कसब एकाएकी बिनकामाचे ठरले. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे सीएनसी आलं तेव्हा असंच झालं. हातानं मायक्रॉन धरणारी माणसं बाजूला बसली." पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सावरण्याचा मार्गही क्वार्ट्झमधूनच निघाला. १९८३ साली दोन मोठे स्विस गट एकत्र करण्यात आले. त्यामागे निकोलस हायेक यांचा सल्ला होता. त्याच वर्षी १ मार्चला झुरिकमध्ये 'स्वॉच' हे घड्याळ सादर झाले. अर्न्स्ट टोमके यांच्या नेतृत्वाखाली एल्मार मोक आणि झाक म्युलर या अभियंत्यांनी ते घडवले होते. नेहमीच्या क्वार्ट्झ घड्याळात नव्वदच्या वर भाग असत, यात फक्त ५१. मशीन वेगळे नव्हतेच, सगळे भाग थेट प्लॅस्टिकच्या केसमध्ये बसवलेले आणि वरची काच कायमची जोडून टाकलेली. त्यामुळे ते स्वस्त झाले, पण दुरुस्त करण्यासाठी उघडता येईनासे झाले. ज्यांच्या घड्याळांची आजोबा, वडील, मुलगा अशी वाटचाल होई, त्याच देशाने बिघडले तर टाकून द्यायचे घड्याळ काढले आणि त्यावर आपला उद्योग वाचवला.

मुंबई, बंगळूर, होसूर

आपल्याकडे स्विस घड्याळाची ओळख फार जुनी आहे. 'वेस्ट एंड वॉच कंपनी' १८८६ साली मुंबईतच सुरू झाली. तिची घड्याळे स्वित्झर्लंडहून येत आणि सैनिक, रेल्वेचे नोकर, सरकारी कारकून यांच्या मनगटांवर दिसत. 'फेवर ल्युबा' हे नाव तर घराघरांत इतके रुळले होते की ते परदेशी आहे हे अनेकांच्या लक्षातही नसे. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचे ते शक्यतो स्विस.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. १९६१ साली हिंदुस्तान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला चावीच्या घड्याळांचा कारखाना सुरू केला. पुढची वीस-पंचवीस वर्षे देशाची वेळ मुख्यतः एचएमटीने राखली. तरी स्विस घड्याळाची ओढ कायम होती आणि ती चोरट्या आयातीतून किंवा आखाती देशांतून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून भागवली जाई. काकांचे घड्याळ असेच आले.

क्वार्ट्झची लाट इथे उशिरा आली. १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून 'टायटन' कंपनी स्थापन केली. झेरक्सीस देसाई यांच्या नेतृत्वाखाली तिने क्वार्ट्झवर भर देण्याचा निर्णय घेतला. मशीनचे तंत्रज्ञान फ्रान्समधून घेतले, कारखाना होसूरला उभारला आणि १९८७ पासून घड्याळे बाजारात आली. चावी द्यायची कटकट नाही आणि वेळ अचूक, हे ग्राहकांना पटायला फार दिवस लागले नाहीत. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे काढली होती, पण तिचा मुख्य भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. हळूहळू ती मागे पडत गेली. २०१६ साली केंद्र सरकारने तिचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आणखी एक गंमत अशी की २०११ साली टायटनने फेवर ल्युबा हे जुने स्विस नाव विकत घेतले होते. मुंबईच्या मनगटांवर अधिराज्य गाजवलेले नाव भारतीय मालकीचे झाले.

जुने घेताना काय पाहावे

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत चोरबाजार आहे. शिवाय काकांसारखे शेजारी असतात. जुने क्वार्ट्झ घड्याळ चावीच्या घड्याळापेक्षा नक्कीच स्वस्त मिळते, आणि त्याला कारण आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे चावीचे घड्याळ कुशल कारागीर साफ करून, तेल घालून पुन्हा चालू करू शकतो. त्याचे तुटलेले चाकसुद्धा नवे घडवता येते. पण पन्नास वर्षांपूर्वीचे सर्किट जळले तर ते कोणालाही हाताने घडवता येत नाही. ते बनवणारा कारखाना बंद झाला की ते मशीन तिथेच संपते.

म्हणून काही गोष्टी तपासून घ्याव्यात. झाकण उघडून मशीन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मशीनवर कंपनीचे किंवा मशीन बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तो तबकडीवरच्या नावाशी जुळतो का ते पाहावे. मशीनभोवती प्लॅस्टिकचे ढिले कडे, खिडकीत सरकलेली तारीख, केसशी न जुळणारी चावी, या मशीन बदलल्याच्या खुणा असू शकतात. सेलच्या जागी हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर सेल गळलेला असतो आणि अल्कलीने संपर्कपट्ट्या खाल्लेल्या असू शकतात. बंद घड्याळात जुना सेल वर्षानुवर्षे तसाच ठेवणे हे क्वार्ट्झ घड्याळ बिघडण्याचे मोठे कारण आहे. मोटरच्या गुंडाळीची तार केसापेक्षाही बारीक असते. मल्टिमीटर लावला आणि रोध काही किलोओहमच्या आसपास आला तर गुंडाळी शाबूत, अनंत आला तर तार तुटलेली. आणि सेकंदकाटा चार-चार सेकंदांनी उडी मारत असेल तर घाबरू नये. सेल संपत आल्याची ती सूचना असते, बऱ्याच स्विस मशीनमध्ये ही सोय मुद्दाम केलेली आहे.

'स्विस मेड' या शब्दांचा अर्थही ठाऊक असावा. १९७१च्या स्विस नियमानुसार मशीन स्विस हवे, ते घड्याळात तिथेच बसवलेले हवे आणि अंतिम तपासणी तिथेच झालेली हवी. २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला हवा, अशी अट वाढली. म्हणजे मशीन बदलले की तबकडीवरची ती दोन अक्षरे खोटी ठरतात.

घड्याळ घेतले नाही तरी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद कंप पावतो. तापमान याहून वर गेले किंवा खाली आले, तरी तो मंदावतो. हा फरक तापमानातल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, दर वर्ग-अंशाला दहा लाखांत सुमारे ०.०३५. मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ठेवलेल्या घड्याळाचे अंतर १५ अंश. १५ चा वर्ग २२५. त्याला ०.०३५ ने गुणले की दहा लाखांत सुमारे ८. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे घड्याळ दिवसाला सुमारे ०.७ सेकंद आणि महिन्याला सुमारे २० सेकंद मागे पडेल. मनगटावर तापमान ३० अंशांच्या आसपास राहते, तिथे हाच फरक महिन्याला दोन-अडीच सेकंद येतो. दोन सारखी क्वार्ट्झ घड्याळे घ्या. एक विद्यार्थ्याने रोज हातात घालावे, दुसरे पत्र्याच्या छताखालच्या कपाटात ठेवावे. दोन्ही मोबाइलच्या वेळेशी जुळवून रोज ठरावीक वेळी फरक लिहून ठेवावा. प्रत्येक घड्याळाची मुळातली चाल थोडी वेगळी असते, म्हणून महिन्यानंतर घड्याळांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा. आलेख काढला की अंगावर घातलेले घड्याळ अधिक अचूक का चालते, हे मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.

काकांचे उत्तर

आता काकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. वेळेपुरते बोलायचे तर 'स्विस म्हणजे काय' याचे उत्तर 'फार काही नाही' असे आहे. बदललेल्या मशीनमध्येही ३२,७६८ कंपनांचाच स्फटिक होता, पंधरा टप्प्यांचेच सर्किट होते, लावे यांच्याच कल्पनेची मोटर होती. अचूकता ही पूर्वी काही थोड्या कारागिरांच्या हातात असलेली गोष्ट क्वार्ट्झने सर्वांच्या आवाक्यात आणली. शाळेतल्या मुलाच्या शे-दोनशे रुपयांच्या घड्याळाला आज जी अचूकता मिळते, ती काही दशकांपूर्वी फक्त वेधशाळेत मिळत असे. ही विज्ञानाची मोठी देणगी आहे आणि तिला देशाचा शिक्का नाही.

मूळ मशीन मात्र वेगळे होते. धातूची चाके, खोलून साफ करता येईल अशी रचना, वारंवारता जुळवण्याचा बारीक स्क्रू. ते अधिक अचूक नसेल, पण पुन्हा उघडून दुरुस्त करता यावे अशा विचाराने केलेले होते. काकांच्या घड्याळातून नेमके तेवढेच काढून घेतले गेले होते.

घड्याळवाल्याने त्याची खरी किंमत सांगितली, केस आणि तबकडीचे मिळून दीड हजार. मी दोन हजार देऊ केले. काकांनी मोजून दीड हजार घेतले, बाकीचे परत केले. म्हणाले, "मशीन बदलायला लागलं असेल, मिळत नसेल तसलं. त्याचं काही नाही. आम्हीपण टूलरूममध्ये दुसऱ्या मशीनचा पार्ट बसवून काम चालवायचो. पण जॉबकार्डवर तसं लिहायचो."

घड्याळ मी वापरते. त्याच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे, मशीन मूळचे नाही असे लिहून. पुढे कधी ते कोणी माझ्याकडून घेतले, तर त्याला झाकण उघडण्याआधी हे कळलेले असेल.